‘फक्त एक सही’वालं जामीन-पेपर सेंटर : काम फास्ट, माहिती शून्य

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी दोन स्टार. दीड टायपिंगला आणि अर्धा काउंटरवरच्या त्या मुलीला, जी झेरॉक्स काढताना सातबाऱ्याची कड कापली जाणार नाही याची खरंच काळजी घेते. दुकानाचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही, कारण असली सेंटरं प्रत्येक कोर्टाच्या गेटसमोर आहेत, त्यामुळे तुमच्याकडचंही असंच असणार असं समजून वाचा. पत्र्याचं शेड, वर फ्लेक्स, त्यावर "टायपिंग, झेरॉक्स, स्टँप, नोटरी, ऐपत दाखला, जामीनदार पेपर तयार करून मिळतील", आणि कोपऱ्यात मालकाचा गॉगल घातलेला फोटो.

मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. हे सांगायचं कारण असं की आमच्या सगळ्या खानदानात कुणालाही जामीनदार लागला की पहिला फोन मलाच येतो. सरकारी पगाराची स्लिप म्हणजे कोर्टात एकदम चालणारं नाणं. शेत नावावर असलेले काका, दुकान असलेले भाऊजी, यांना बाकी सगळे मान देतात, पण जामीन म्हटलं की "वहिनी, तुमची स्लिप आहे ना". तर नणंदेचा मुलगा, गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीपुढे नाचण्यावरून मारामारी, समोरच्या पोराच्या डोक्याला टाके पडले, कलम अजामीनपात्र लागलं आणि हा आत. काही दिवसांनी जामीन मंजूर झाला, २५ हजारांचा जातमुचलका (म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. ताई घरी आल्या, चहा घेतला, पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या "वहिनी, फक्त एक सही". नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी कॅलेंडरकडे.

वकिलांनी (म्हणजे भाच्याच्या वकिलांनी, हे पुढे महत्त्वाचं आहे) सांगितलं की समोरच्या सेंटरमधून पेपर करून घ्या, ते आपल्याच ओळखीचे आहेत. गेलो. आधार, पॅन, रेशनकार्ड, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, मुख्याध्यापकांचं पत्र, फोटो. नवऱ्याच्या नावचा सातबारा पण आणला होता तर तो बाजूला ठेवला, म्हणे जामीनदार ज्याच्या नावचा त्याचेच कागद पाहिजेत. बरोबर आहे ते. अर्ध्या तासाच्या आत प्रतिज्ञापत्र, बंधपत्र, ऐपतीचा तपशील सगळं टाइप होऊन फाइलला लागलं, एकही स्पेलिंग चुकलं नव्हतं, माझं आडनाव तर पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर लिहिलं. कामाला फास्ट आहेत यात वाद नाही. आत कोर्टातल्या कारकुनाने फाइल चाळली आणि एकदाही परत पाठवली नाही, ज्यांनी कोर्टाचे हेलपाटे मारलेत त्यांना कळेल ही किती मोठी गोष्ट आहे.

आता बिल. बिलात दोन ओळी अशा होत्या ज्यांच्यावर तेव्हा कुणी बोट ठेवलं नाही कारण पोरगं आत होतं आणि अशा वेळी कोण पावती वाचतं. पहिली ओळ, प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टँप. महाराष्ट्रात कोर्टात किंवा सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही, २००४ पासून त्यावरचं मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. ही गोष्ट त्या दुकानदाराला माहीत नसेल असं मी अजिबात मानत नाही, त्याचा दिवसभराचा धंदाच तो आहे. पूर्वी १०० चा स्टँप गळ्यात मारायचे, २०२४ च्या ऑक्टोबरपासून १०० आणि २०० च्या स्टँपवर होणारे व्यवहार ५०० च्या स्टँपवर नेले सरकारने, तेव्हापासून हे पण सरळ ५०० चा मारतात.

दुसरी ओळ जास्त भारी आहे. "भरपाईचं बंधपत्र". मालक स्वतः उठून आला, म्हणाला, "मॅडम, तुमच्या सेफ्टीसाठी सांगतो. आरोपी पळाला तर तुमचे पैसे बुडतात. आपण त्याच्या आईवडलांकडून लिहून घेऊ, की तुम्हाला जो भुर्दंड पडेल तो ते भरून देतील. नोटरीसहित करून देतो." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! ताईंनी लगेच सही केली, बिचाऱ्या रडतच होत्या. पण हा कागद कायद्यासमोर उभाच राहत नाही. फौजदारी केसमधल्या जामीनदाराला आरोपीने किंवा त्याच्या माणसाने आधीच नुकसानभरपाईची हमी दिली तर जामीनदाराला आरोपीवर लक्ष ठेवायची गरजच उरत नाही, आणि कोर्टाने जामीनदार मागितला तो नेमका त्यासाठीच. म्हणून असा करार लोकनीतीच्या विरोधात धरतात, करार कायद्याचं कलम २३, आणि त्याच्या जोरावर पैसे वसूल करता येत नाहीत. म्हणजे माझ्या सेफ्टीचे पैसे घेऊन मला जे विकलं ते रद्दीत घालायच्या लायकीचं. त्यापेक्षा ताईंच्या शब्दावर माझा जास्त भरवसा होता आणि तो फुकट होता.

तिथे अजून एक सर्व्हिस मिळते जी फ्लेक्सवर लिहिलेली नाही. आम्ही बसलो होतो तेव्हा एक म्हातारा माणूस आला, मुलगा आत, गाव लांब, नातेवाईक कुणी उभं राहायला तयार नाही. त्याला हळू आवाजात सांगितलं, "जामीनदार आपल्याकडे आहे, त्याचे वेगळे पडतील". म्हणजे रेडिमेड जामीनदार. असा माणूस ज्याला आरोपीचं तोंडही माहीत नाही, तो कोर्टात उभा राहून सांगणार हा माझा चुलत भाचा. कायद्यात याच्यावर सरळ प्रश्न आहे, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८६, जामीनदाराने आतापर्यंत किती जणांना जामीन राहिलोय ते तपशिलासहित जाहीर करायचं असतं. तो तिथे खोटं बोलला तर त्याच्यावर गुन्हा आणि आरोपीचा जामीन पण धोक्यात. म्हाताऱ्याला हे कुणी सांगितलं नाही. मी पण तेव्हा गप्प बसले, माझं लक्ष आमच्या टोकन नंबरकडे होतं.

आत कोर्टात काय होतं ते पण लिहिते कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला त्याचीच भीती असते. काहीच नाही हो. नाव पुकारतात, पुढे जायचं, साहेब चष्म्यावरून बघतात. मला विचारलं, आरोपी तुमचा कोण, काय करता, आधी कुणाला जामीन राहिला आहात का, जबाबदारी माहीत आहे का. शेवटच्या प्रश्नाला सगळे "हो साहेब" म्हणतात, मागे उभा असलेला वकील तेवढं आधीच पढवून ठेवतो. दोन मिनिटं. मग रेशनकार्डाच्या मागे केस नंबरचा शिक्का, आणि बाहेर ताई माझा हात धरून उभ्या. त्याच दिवशी सुटका होईल अशा आशेवर पेढे आणले होते कुणीतरी, पण सुटकेचा आदेश जेलला वेळेत पोचला नाही की रात्र आतच काढावी लागते. २०२१ ला शाहरुख खानच्या मुलाच्या वेळी आठवत असेल, जुही चावला स्वतः जामीनदार म्हणून मुंबईच्या कोर्टात आली, १ लाखाचं बंधपत्र झालं, तरी कागद आर्थर रोडला वेळेत गेले नाहीत म्हणून तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला. (पुढे २०२२ मध्ये त्याच्याविरुद्ध आरोपपत्रच दाखल झालं नाही, ती गोष्ट वेगळी.) तिथे जुही चावलाचं चाललं नाही तर आमचं काय.

आता मुद्द्याचं. मी सही केली तो कागद नक्की काय म्हणतो, हे त्या सेंटरमध्ये कुणीच वाचून दाखवलं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "फॉरमॅलिटी आहे मॅडम". कागद असं म्हणतो की आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहील याची हमी मी घेते, आणि नाही राहिला तर २५ हजार रुपये सरकारजमा करायला मी बांधील आहे. ही हमी चार महिन्यांची नाही, केस संपेपर्यंतची. मारामारीच्या केसा तालुक्याच्या कोर्टात किती वर्षं चालतात ते तुम्हाला माहीत आहेच, पोरगं लग्न होऊन बाप होतं तरी साक्षीदार तपासायचे बाकी असतात. आणि निकालाच्या आधी कलम ४८१ खाली परत एक बंधपत्र द्यावं लागतं, वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहायचं म्हणून, ते सहा महिने चालतं. तेव्हा परत फोन मलाच येणार हे मी आत्ताच लिहून ठेवते.

एक गोष्ट मात्र लोक उगाच घाबरून उलटी समजतात. २५ हजारांचा जामीन म्हणजे २५ हजार आधी भरायचे असं नाही, एक रुपया भरावा लागत नाही. आणि काही झालं तर तुमची जबाबदारी त्या आकड्यापुरती, घरदार सगळं जात नाही. आरोपीने नवा गुन्हा केला म्हणून त्याची शिक्षा तुम्हाला होत नाही. तुमची हमी आहे ती हजर राहण्याची. पण पैसे भरले नाहीत आणि वसूलही झाले नाहीत तर जामीनदाराला दिवाणी कैदेत सहा महिन्यांपर्यंत ठेवता येतं, कलम ४९१, हे पण त्याच संहितेत लिहिलेलं आहे. ही ओळ मला आधी कुणीतरी वाचून दाखवायला हवी होती. सही करायची की नाही तो नंतरचा प्रश्न.

झालं काय, भाचा चाकणला कंपनीत लागला. चांगलंच झालं. पण तारीख होती गुरुवारी, शिफ्ट पहिली, सुपरवायझर सुट्टी देईना, याने वकिलांना फोन केला, वकिलांनी उचलला नाही, हा म्हणाला बघू पुढच्या तारखेला. पुढच्या तारखेलाही तेच. वॉरंट निघालं आणि माझ्या नावची नोटीस. ती नोटीस घरी नाही आली, शाळेत आली. चौथीच्या वर्गात मी भागाकार शिकवत होते, दारात हवालदार, हातात कागद, पोरं एकदम चिडीचूप. एक पोरगी हळूच म्हणाली बाईंना पकडायला आले. स्टाफरूममध्ये सही देऊन नोटीस घेतली, हवालदार भला माणूस होता, म्हणाला "घाबरू नका मॅडम, कारणे दाखवा आहे". मुख्याध्यापकांनी पाणी दिलं आणि मग दिवसभर कुणी काहीच विचारलं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

गेले त्या सेंटरमध्ये, म्हटलं तुम्हीच पेपर केलेत, आता काय करायचं. मालक म्हणाला "ते आपल्याकडे येत नाही, वकिलांना भेटा". वकिलांना भेटले तर ते म्हणाले "मी आरोपीतर्फे आहे, तुमच्यातर्फे कसा हजर राहू". आणि हे त्यांचं बरोबर आहे, मी त्यांच्यावर रागावलेली नाही, कारण भाचा का आला नाही याबद्दल त्याचं म्हणणं एक आणि माझं म्हणणं वेगळं असू शकतं. पण बघा ना, कोर्टात सरकारला वकील आहे, आरोपीला वकील आहे, फिर्यादीने पण एक लावलाय. सगळ्या खोलीत ज्याच्या खिशातले पैसे लागलेत तो जामीनदार एकटा उभा, त्याच्या बाजूने कुणीच नाही. त्याला "फक्त सही" म्हणून आत ढकलतात आणि मग तो आहे हेच सगळे विसरतात, थेट नोटीस निघेपर्यंत.

मग शाळेतल्याच एका मॅडमने सांगितलं की कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते तिथे जा. आणि ही खरी पाच स्टारची सर्व्हिस, जिचा फ्लेक्स कुठेच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मी पगारदार आहे म्हणून नाही म्हणतील असं वाटलं होतं, नाही म्हणाले नाहीत. एक अर्ज, आधारची झेरॉक्स (काउंटरवाल्या त्या मुलीकडूनच काढली), आणि एक तरुण वकीलबाई मिळाल्या, ज्यांनी पहिल्यांदा माझं बंधपत्र माझ्यासमोर धरून ओळीनं वाचून दाखवलं. १५१०० या हेल्पलाइनवर पण माहिती मिळते.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या प्रत्येक जामीनदाराला सहीच्या आधी माहीत पाहिजेत. एक, नोटीस आली म्हणजे लगेच वसुली नाही. कोर्टाला आधी बंधपत्र मोडलं गेल्याची नोंद करावी लागते, मग तुम्हाला विचारावं लागतं की का भरू नये, आणि तुमचं कारण पटलं तर रक्कम कमी करता येते, सगळी भरायलाच लावतील असं नाही. उत्तर न देता घरी बसलात तर मात्र कोर्टाकडे दुसरा पर्यायच उरत नाही. दोन, जामीनदाराला बाहेर पडता येतं! मला तर वाटलं होतं ही सही म्हणजे जन्माची. कलम ४८९, जामीनदार कधीही अर्ज करू शकतो की मला मोकळं करा. मग कोर्ट आरोपीला हजर करण्यासाठी वॉरंट काढतं, तो आला की तुमचं बंधपत्र रद्द आणि त्याला दुसरा जामीनदार आणायला सांगतात, नाही आणला तर तो परत आत. म्हणजे दार आहे, पण ते उघडलं की नणंदेचा मुलगा जेलमध्ये जाणार, घरात दिवाळीला कोण कुणाशी बोलणार याचा हिशेब कायद्यात कुठे लिहिलेला नसतो.

शेवटी भाचा स्वतः हजर झाला, वॉरंट रद्द करून घेतलं, दंड भरला. माझ्या नोटिशीला उत्तर दिलं, भाचा नोकरीला होता, पळून गेला नव्हता, मीच फोन करून बोलावून घेतलाय, कंपनीच्या हजेरीचा कागद जोडला. साहेबांनी २५ मधले ३ हजार भरायला लावले, बाकी माफ. ताईंनी ते त्याच संध्याकाळी आणून दिले, पाकिटात घालून. भरपाईच्या बंधपत्राचा कुणी उल्लेखही केला नाही.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत याच कामाच्या लायसन्सवाल्या कंपन्या असतात, जामिनाच्या रकमेच्या साधारण १० टक्के फी घेतात, ती कधीच परत मिळत नाही, आणि वर घरच्या कुणाची तरी सही घेतातच, आरोपी गेला तर सगळी रक्कम त्या सही करणाऱ्याकडून. आमच्या चुलत दिरांनी तिकडून फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी वाटलं बरं आहे की, प्रोफेशनल काम. मग लक्षात आलं, मामी तिथेही सुटत नाही, फक्त मध्ये एक दुकान जास्त.

आपल्याकडे कोर्टांनी बोलायचं ते बोलून ठेवलंय तसं. १९७८ च्या मोतीराम केसमध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला १० हजारांचा जामीनदार मागितला होता, त्याचा भाऊ उभा राहिला तर मॅजिस्ट्रेट म्हणाले तुझी मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्णा अय्यरांनी ते उडवून लावलं आणि त्याला १ हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सांगितलं की लोकल जामीनदारच पाहिजे असा हट्ट सुटका लांबवतो. २०२४ ला गिरीश गांधी नावाच्या माणसाच्या केसमध्ये तर १३ गुन्ह्यांत जामीन मिळूनही प्रत्येक ठिकाणी वेगवेगळे जामीनदार कुठून आणणार हा प्रश्न होता, तेव्हा कोर्ट म्हणालं की जामीनदार बहुतेक जवळचा नातेवाईक नाहीतर जुना मित्र असतो, आणि फौजदारी प्रकरणात ते वर्तुळ अजूनच लहान होतं. अगदी खरंय. आमच्या घरात ते वर्तुळ म्हणजे मी. आणि ज्याला पैशाअभावी सुटता येत नाही अशा कच्च्या कैद्यासाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, पैशांची मदत मिळू शकते. त्या म्हाताऱ्याला रेडिमेड जामीनदाराऐवजी हे कुणी सांगितलं असतं तर. पण त्यात दुकानाला काय मिळणार.

तर या सेंटरला जायचं की नाही? जा, पण टायपिंगला. आधी भाव विचारा, स्टँप नको म्हणून स्पष्ट सांगा, भरपाईचा कागद नको म्हणा, आणि सातबारा लागणार असेल तर महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा १५ रुपयांत स्वतः काढून न्या, तिथे त्याचे दीडशे घेतात. सही करायच्या आधी बंधपत्र विधी सेवावाल्यांकडून वाचून घ्या, एकाच आवारात आहे. केसचा सीएनआर नंबर मागून घ्या, १६ अक्षरी असतो, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख फुकट दिसते, मी आता भाच्याला आदल्या दिवशी रात्री फोन करते आणि तो "हो मामी, आहे लक्षात" म्हणतो, आवाजावरून कळतं नव्हतं लक्षात. आणि दुपारी चारनंतर जाऊ नका, नोटरी निघून गेलेला असतो आणि उद्या या म्हणतात.